सव्वीस कुकू

वांजाला नैरोबीहून आला तेव्हा
त्याच्या बुटांवर दोन देशांचा चिखल होता
आणि काखेत निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर.
त्याच्या संस्थेच्या पोत्यांवर क्रूस छापलेला,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घासून घासून
बेरजेचं चिन्ह उरलेलं.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला हाक मारली.
"डीकन, या यादीत गडबड आहे.
एका गावात सव्वीस कुकू? एकोणीस काफी?
वरचे लोक म्हणतील,
एकच माणूस टोपी बदलून
पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहतोय."

मी म्हटलं, बस. चहा घे.
साखर नाही, ती तुझ्याच पोत्यात आहे.

आमच्या नुबा डोंगरात नाव शोधावं लागत नाही,
ते जन्माच्या रांगेत उभं असतं.
पहिला मुलगा कुकू, दुसरा काफी,
तिसरा तिया, म्हणजे मी. चौथा तुतू.
बाप्तिस्म्याला पाद्रीनं मला योना म्हटलं,
सरकारी शाळेनं इस्माईल लिहिलं,
आणि आई, दोन्ही कागद चुलीमागे खोचून,
तिया म्हणूनच ओरडायची, बकऱ्या सुटल्या की.

तो हसला. पेन्सिलीनं सव्वीस टिंबं दिली.

चौथ्या दिवशी विमान आलं.
आमची घंटा म्हणजे न फुटलेल्या बॉम्बचं टरफल,
मोकळं करून चिंचेला टांगलेलं;
पण त्या वेळी ती कुणी वाजवत नाही.
आधी कुत्री कळवतात, मग पोरं,
मग आमच्यासारखे बहिरे.
खड्ड्यात वांजाला इमामाच्या बायकोच्या
आणि तिच्या गाभण शेळीच्या मधे पडला,
डोक्यावर रजिस्टर धरून.
ती कुराणातलं पुटपुटत होती, तो स्तोत्रातलं,
शेळी त्याच्या बाहीचं बटण चघळत होती.
एवढ्याशा जागेत
कुणाचं कुणाला पोचलं, देव जाणे.

वाटप दुसऱ्या दिवशी, झाकोळ बघून.
माणशी ज्वारी सात मापं, मिठाची पुडी, एक साबण.
रांगेत कोशे आली, कडेवर पोर.
"नाव?"
"काफी."
वांजालानं बोट यादीवरून वर सरकवलं.
"आणि कुकू?"
तिनं हनुवटीनं टेकडीकडे दाखवलं,
जिथं काल संध्याकाळी आम्ही दगड रचले होते.

तो वाईट माणूस नाही. गोंधळला, एवढंच.
म्हणाला, "मग आता हाच कुकू ना?"

कोशे रागावली नाही.
लहान मुलाला चुलीपासून बाजूला करावं
तशा आवाजात म्हणाली,
"हा काफीच. म्हातारा झाला तरी काफी.
पुढे कुणीतरी होतं, हे कळायला नको?"

मापाड्या थांबला. मागची रांगही.
वांजालानं पेन उचललं, ठेवलं,
कुकूच्या नावावर काट मारली नाही.
समोरचा रकाना कोरा सोडला
आणि सातऐवजी चौदा मापं ओतायला लावली.
त्याचा हिशेब त्यानं कुठं मिळवला, मी विचारलं नाही.
रोजच्या भाकरीची प्रार्थना
मी त्या रात्री जरा हळू म्हटली.

पाऊस ओसरल्यावर रस्ता उघडला, तो निघाला.
ट्रॉलीवर चढताना विचारलं,
"मी सातवा मुलगा. तुमच्यात मला काय म्हटलं असतं?"

आता सातव्याचं नाव मला कुठं ठाऊक!
आमच्याकडे सातपर्यंत मोजणं
बरीच वर्षं कुणाला जमलेलं नाही.
म्हाताऱ्यांना विचारलं. त्या तीन दिवस भांडल्या.
एक म्हणे हे, दुसरी म्हणे ते तर पलीकडच्या डोंगरातलं.
एकमत झालं तेव्हा
ट्रॅक्टर सरहद्दीपार गेला होता.

पुढच्या खेपेच्या ड्रायव्हरजवळ
चिठ्ठी देऊन ठेवली आहे.